आमची वाटचाल : हातक्लचच्या कामातून उभा राहिलेला व्यवसाय

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, वॉटर्लू शहरापासून जवळच आमचे लहानसे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीने १९१८ साली येथील एक इंजिन कारखाना विकत घेतला आणि १९२३ मध्ये मॉडेल डी हा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्यानंतर आलेली मॉडेल ए आणि मॉडेल बी ही १९५२ पर्यंत येथेच तयार होत असल्याने या भागातील जुन्या शेतांवर आजोबांचा दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर आजही जपून ठेवलेला आढळतो. मी मूळचा शिरूर तालुक्यातला; सणसवाडीच्या औद्योगिक पट्ट्यात लेथवर हात बसला आणि तोच हात येथे उपयोगी पडला. सुरुवातीला मिळेल ते टर्निंगचे काम आम्ही घेत असू. ती वर्षे ओढाताणीची होती, त्यांबद्दल अधिक लिहीत नाही.

व्यवसायाला वळण दिले ते हातक्लचने, म्हणजे इंजिनची ताकद जोडणाऱ्या-तोडणाऱ्या, हाताने चालवायच्या क्लचने. या ट्रॅक्टरांचे इंजिन आडवे असून क्रँकशाफ्टही ट्रॅक्टरच्या रुंदीत आडवा असतो. त्याच्या डाव्या टोकाला फ्लायव्हील, तर उजव्या टोकाला पट्ट्याची पुली असते आणि क्लच या पुलीच्या पोटातच बसवलेला असतो. तो पायाने दाबायचा नसून लिव्हर पुढे ढकलून जोडायचा आणि मागे ओढून सोडायचा असतो. लिव्हर जिथे ठेवावा तिथेच राहत असल्याने शेतकऱ्याला उभ्याने ट्रॅक्टर चालवता येई, खाली उतरून मळणीयंत्राचा पट्टा सुरू-बंद करता येई. इतकी सोयीची रचना मला दुसऱ्या कोणत्याही जुन्या ट्रॅक्टरात दिसलेली नाही, असे मी पूर्ण आदराने म्हणतो.

गिऱ्हाईक येते ते मात्र एकच तक्रार घेऊन : चढावर क्लच घसरतो, लायनिंग (तबकड्यांवरचे घर्षणाचे अस्तर) बदलून द्या. एका तरुण शेतकऱ्याला तर दुसऱ्या एका दुकानाने संपूर्ण क्लच नवा टाकण्याचा खर्च सांगितला होता. आम्ही इंजिन बंद केले, गियर न्यूट्रलला आणला, प्लगच्या वायरी काढल्या आणि पुलीचे झाकण उघडले. आतील लायनिंग कोरडे होते, त्यांची जाडीही पुरेशी होती. क्लचच्या तबकड्या आवळणारे खाचांचे तीन नट असतात. ते सैल होऊ नयेत म्हणून घातलेल्या स्प्लिट पिना काढून तिन्ही नट सारखेच, एका वेळी एकेक खाच असे आवळत गेलो आणि दर फेरीला लिव्हर ढकलून पाहिला. सुरुवातीला तो लोण्यात सुरी जावी तसा मऊ जात होता. शेवटी हाताला स्पष्ट ताण लागून खट्ट आवाजासह जागेवर बसला. तोच खटका आम्हाला हवा असतो. क्लच घसरायचा थांबला आणि पिना आम्ही नव्या घातल्या.

तिन्ही नट सारखे आवळण्यावर माझा एवढा भर आहे याचे कारण असे, की एकच नट जास्त आवळला गेला तर तबकडी तिरकी होते, लायनिंग एका बाजूनेच झिजते आणि लिव्हर मागे ओढला तरी क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी गियर टाकताना दात करकरतात आणि मालकाला वाटते की गियरबॉक्सच गेला. गियर करकरण्याचे दुसरे कारण पुलीच्या ब्रेकमध्ये असते. लिव्हर पूर्ण मागे नेल्यावर हा ब्रेक फिरती पुली थांबवतो. म्हणून क्लचनंतर तोही तपासल्याशिवाय आम्ही ट्रॅक्टर परत देत नाही. लायनिंगवर तेल आले असेल, तर नट आवळण्यात काही अर्थ नसतो. आधी तेल कुठून गळते ते शोधून ती गळती बंद करावी लागते. तबकड्यांवर दाब देणारे क्लचमधील छोटे दांडे (डॉग) आणि त्यांच्या पिना झिजल्या असतील तर त्या बदलाव्याच लागतात, आणि तसे आम्ही गिऱ्हाइकाला उघडलेली पुली दाखवूनच सांगतो.

आधी समायोजन, मग सुटे भाग, हा नियम आम्ही पाळला. त्यामुळे त्या-त्या कामाचे बिल लहान झाले, परंतु एकाचे काम पाहून शेजारचा आला आणि आज आमचे बहुतांश काम याच ट्रॅक्टरांचे आहे. सुट्या भागांचा साठा व हिशेब माझी पत्नी सांभाळते. याच राज्यातील माउंट प्लेझंट येथे उन्हाळ्याच्या अखेरीस जुन्या यंत्रांचा मोठा मेळा भरतो. त्याआधीचे काही आठवडे आम्ही नवी कामे घेत नाही, कारण मेळ्यात पट्ट्यावर यंत्र चालवून दाखवणारे मालक त्या सुमारास क्लच तपासून घेण्यासाठी येतात. ज्यांना स्वतः शिकायचे असते त्यांच्या हाती आम्ही पाना देतो आणि शेजारी उभे राहतो.