घाटात चेन टिकली: ३८ पुढे, ३४ मागे आणि एक नायलॉनची कडी

पायथ्याच्या धामणगाव गढीपासून वरच्या मोथ्यापर्यंत सायकलची चेन उतरली नाही. वाटेत पाय टेकले ते पाणी प्यायला, आणि एका वळणावर गुरं आडवी आली म्हणून. सामानासकट घडीवर, म्हणजे घडी घालता येणाऱ्या सायकलवर बसून चिखलदऱ्याचा घाट चढायचा, खाली उतरून ढकलायचं नाही, हे काम पावसाळ्याआधीपासून अडून बसलं होतं. ते सुटलं. कसं सुटलं ते तपशिलात लिहितो, कारण २० इंची चाकांची घडी घेऊन सातपुड्याकडे निघालेला प्रत्येक जण याच जागी अडणार आहे.

आधीचा हिशेब थोडक्यात. माझ्या घडीला कंपनीकडून पुढे ५२ दात्यांची चकती आणि मागे १४ ते २८ दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) आलं होतं. चाक ४०६ (रिमचं माप, मिलिमीटरमध्ये), टायर १.७५ इंची, म्हणजे चाकाचा एक फेरा साधारण १.५१५ मीटरचा. सगळ्यात हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेऱ्याला सायकल २.८१ मीटर पुढे जायची. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी १० किलोमीटर. सपाटीवर हे छानच आहे. पण चढ ८ टक्के आणि मी, सायकल, सामान मिळून १०० किलो धरा, तर त्या वेगाला २४५ वॅटच्या आसपास ताकद लागते. तेवढी मला पाच मिनिटं देता येते, दीड-दोन तास नाही. आणि फेरे कमी करून रेटत बसलं की गुडघे बोलतात.

म्हणून पुढे ३८, मागे १४-३४. आता एका फेऱ्याला १.६९ मीटर, ६० फेऱ्यांना ताशी ६ किलोमीटर, ताकद १५० वॅटच्या आत. तासन्‌तास चढता येईल असा हा आकडा आहे. पुढे ३८ च का, तर माझ्या क्रँकचे (पायडलच्या दांड्याचे) चकती धरणारे बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत आणि त्यावर ३८ पेक्षा लहान चकती बसत नाही. वरच्या टोकाला किंमत मोजावी लागली: पूर्वी १४ च्या दात्यांवर ८० फेऱ्यांत २७ चा वेग मिळायचा, आता वीसच्या आतच. मला ते चालतं. अमरावती ते परतवाडा या सपाट पट्ट्यात घडी एसटीत जाते, मग तिथल्या वेगासाठी घाटातला गिअर कशाला सोडायचा?

तीन गिअरच्या हबचा, म्हणजे गिअर चाकाच्या मधल्या डब्यातच असतात त्याचा विचार झाला होता, तो इथेच निकालात काढतो. स्टर्मी-आर्चरच्या एडब्ल्यू हबमध्ये खालचा गिअर ७५ टक्के आणि वरचा १३३, म्हणजे एकूण पल्ला १७८ टक्के. १४-३४ चा पल्ला २४३. खालचा गिअर घाटाला जुळवला तर हबचा वरचा गिअर गावातल्या गावात संपतो. हब मजबूत असतो, चिखलाला दाद देत नाही, आपल्या काळ्या मातीत त्याचं मोल मला कळतं. पण घाट आणि गाव दोन्ही हवं असेल तर तीन गिअर पुरत नाहीत.

आता खरं दुखणं. ३८ ची चकती बसली आणि चेन उतरायला लागली. नेमकी पहिल्या गिअरमध्ये, नेमकी चढावर, आणि दर वेळी आतल्या बाजूला, चकती आणि फ्रेमच्या मध्ये. घाटात ताशी सहाच्या वेगाने जाताना चेन गेली की सायकल जागीच मरते. सामान असेल तर तोल सावरेपर्यंत आडवी होते. मग चेन चढवा, हात काळे करा, आणि ८ टक्क्यांच्या चढावर परत सुरुवात करा. लहान चाकावर ती सुरुवात किती अवघड असते ते घडीवाल्यांनाच माहीत.

कारण शोधायला बरेच दिवस गेले. ५२ च्या मूळ चकतीला दोन्ही बाजूंनी गार्ड होतं, चेनला पडायला जागाच नव्हती. नव्या चकतीला ते नाही. शिवाय पुढे एकच चकती, म्हणजे तिथे चेनला दिशा देणारा पुढचा डिरेलरही (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नाही. मागे चेन ३४ वर, म्हणजे सगळ्यात आत, आणि पुढे चकती बाहेर. मोठ्या सायकलीत हा तिरकसपणा लांब अंतरात विरून जातो. घडीत क्रँकपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर कमी, त्यामुळे कोन मोठा. त्यात गिट्टी उखडलेल्या डांबरावर लहान चाक प्रत्येक खड्डा चेनपर्यंत पोचवतं. चेन उडते आणि जिकडे ओढ आहे तिकडेच पडते.

चेनच्या कड्या कमी केल्या, तेवढ्यापुरता फरक पडला. मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा घेतला, कारण ३४ ला तो लागतोच. पण २० इंची चाकात त्याचं टोक जमिनीच्या इतकं जवळ येतं की तुऱ्हाटीचे खुंट असलेल्या पायवाटेवर आता मी घडी उचलूनच नेतो. मग चेन अडवायचा तयार क्लॅम्प मागवला. तो साध्या सायकलींच्या सीटच्या नळीला बेतलेला असतो, सगळ्यात मोठं माप ३४.९ मिलिमीटरचं. घडीची सीटपोस्टच ३३.९ ची, तिच्यावरची नळी बाहेरून ४१ च्या जवळ. क्लॅम्प अर्धाही बसेना. एक दाता जाड, एक बारीक अशी, चेन धरून ठेवणारी चकती मागवली, तर १३० ची मागणी नोंदवूनही १०४ ची आली आणि परतीचा खर्च माझ्या माथी. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे: घडीचे सुटे भाग ऑनलाइन घ्यायचे असतील तर विकणाऱ्याला पट्टी लावलेला फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

अर्धं उत्तर परतवाड्याच्या एका जुन्या मिस्त्रींनी दिलं. त्यांनी सायकल उलटी केली, मागून एक डोळा मिटून चेनकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, चकतीच लय बाहेर हाये. एक्सल लहान टाका." साधी गोष्ट. माझा बीबीचा (क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगचा) एक्सल ११९ मिलिमीटरचा होता, कारण ५२ ची मोठी चकती मागच्या नळीला घासू नये म्हणून ती बाहेर ठेवावी लागते. ३८ ला ती अडचणच नाही. ११० चा सीलबंद बीबी घातला, एक्सल नऊ मिलिमीटर कमी म्हणजे चकती साडेचार मिलिमीटर आत. पहिल्या गिअरची ओळ जवळजवळ सरळ झाली. चकती आणि नळीत बोट जाईल एवढी फट अजून आहे. १४ वर आता चेन तिरकी चालते आणि कुरकुरते, पण तो गिअर मी उतारावर आणि सपाटीवर वापरतो, तिथे चेनवर ओढ नसते.

लहान चकती लावताना मी फक्त गिअरचा विचार करत होतो. तिच्यामुळे एक्सल लहान करायला जागा झाली, हा फायदा मला कोणी सांगितला नव्हता, म्हणून इथे ठळक लिहितो.

उरलेलं अर्धं उत्तर लेथवर तयार झालं. मला सीटच्या नळीला लोखंडी पट्टी वाकवून लावायची होती. रसवंतीच्या चरकाचे आणि पंपाचे बुश करणारे लेथवाले दादा म्हणाले, "लोखंड कायले? चेन घासली तं दोघायले खाईन. नायलॉनचं करून देतो." त्यांनी नायलॉनच्या गोल तुकड्याला ४१ चं भोक पाडलं, उजव्या बाजूला एक कान ठेवला आणि मधून कापून दोन भाग केले. पाण्याच्या पाइपाला लावतात ती स्टीलची क्लिप वरून आवळली. कान चेनपासून एक-दीड मिलिमीटरवर. चेन आत सरकली की नायलॉनला टेकते आणि परत दात्यांवर येते. घाटात दोन ठिकाणी तो टक्‌ आवाज ऐकला आणि पायडल थांबलं नाही. त्या आवाजाचा आनंद मी शब्दांत पुरेसा सांगू शकत नाही.

घडी घालण्यावर या कडीचा काही परिणाम होत नाही, पुढचं चाक डाव्या बाजूला येतं आणि कान उजवीकडे आहे. उलट ५२ ची चकती एसटीच्या पायरीला घासायची, ३८ ची घासत नाही.

घाटाबद्दल. अचलपूर-परतवाडा साधारण ३७० ते ४०० मीटर उंचीवर, चिखलदरा १,११८ वर, म्हणजे सातशे मीटरची चढाई. खाली कापसाची वेचणी चालू, तूर फुलावर, वर गेलं की सागवान आणि गार वारा. ताशी सहाच्या वेगात लहान चाकाचं हँडल डगमगतं, ते मी पुढच्या बॅगेत वजन टाकून शांत केलं. जड सामान पुढे, हलकं मागे. मागच्या पिशव्या भरल्या की टाच लागते, तोही प्रश्न याने मिटला. मोथ्याला गवळ्यांच्या घरचा खवा घेतला आणि तिथेच बसून खाल्ला.

चढताना चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याच्या लढाईतल्या तोफा आठवत होत्या. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हनसनच्या फौजेने जड तोफा हातांनी ओढत, पुढे रस्ता करत करत डोंगर ओलांडून किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. या डोंगरात वजन वर नेणं म्हणजे काय ते ज्याने ओढलं त्यालाच कळतं. माझ्या बारा किलोच्या सामानासाठी मी चार महिने दाते मोजतो आहे, त्या लोकांचं काय झालं असेल?

टायरबद्दल एक ओळ. ४०६ च घ्या, ४५१ च्या (तेही २० इंचीच म्हणतात) मोहात पडू नका. २० बाय १.७५ ची ट्यूब लहान मुलांच्या सायकलीची म्हणून तालुक्याच्या दुकानात मिळते. बाभळीच्या काट्यांसाठी आत पट्टी टाकली आहे, अजून पंक्चर नाही.

खाली त्याच घाटाने उतरायचं ठरलं होतं. आधी वर देवी पॉइंटकडच्या छोट्या उतारावर ब्रेक तपासले आणि बेत बदलला. रिम इतकी तापली की बोट लावता येईना. हिशेब केला तर १०० किलो वजन सातशे मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे ६९० किलोज्यूल ऊर्जा. हळू उतरलो तर वारा त्यातलं थोडंच घेतो, बाकी सगळं रिममध्ये. ४०६ ची रिम मोठ्या ७०० च्या रिमच्या दोन-तृतीयांश घेराची, म्हणजे धातू कमी आणि थंड व्हायला पृष्ठभागही कमी. रिम फार तापली तर ट्यूब फुटते, आणि ती वळणावर फुटायला नको. घडी घातली, एसटीत ठेवली, सामानाचं तिकीट काढलं आणि परतवाड्याला उतरलो. हेच तर घडीचं बळ आहे, ज्या रस्त्याची तयारी नाही तो बसने करता येतो.

त्यामुळे पुढचा बेत ब्रेकचा. लिहायला बसलो तेव्हा डोक्यात पुढच्या चाकाला स्टर्मी-आर्चरचा ९० मिलिमीटरचा ड्रम हब (ब्रेक रिमवर नाही, हबच्या आत) बसवायचा होता. आत्ता पुढचं चाक धरणारा चिमटा मोजून आलो: आतून ७४ मिलिमीटर. ड्रम हबला १०० लागतात. चिमटा फाकवायचा नाही, तो घडीच्या सांध्याखालचा भाग आहे, त्याच्याशी खेळणं मला मान्य नाही. म्हणजे ड्रम पुढे बसणार नाही.

मग मागे? मागे सात गिअरचं फ्रीव्हील आणि ड्रम दोन्ही एकाच हबवर लागतील. लेथवाल्या दादांना विचारतो, पण आधी सोपं करून बघतो. आत्ताच्या, रिम दाबणाऱ्या व्ही ब्रेकला लांब पॅड, पुढचा-मागचा आळीपाळीने, आणि दर दोन वळणांना थांबून रिमवर ओलं फडकं. मोटार वाइंडिंगवाल्याकडे तापमान मोजायची बंदूक आहे, ती घेऊन आधी अमरावतीजवळच्या पोहऱ्याच्या उतारावर आकडे काढतो. आकडे बरे आले तर चढ धामणगाव गढीचा आणि उतरण घटांगकडून, दिवसाउजेडी, कारण तिकडे अस्वलांचा वावर आहे. मेळघाटात पुढे सेमाडोह-हरिसालला जायचा बेत तोपर्यंत बाजूला ठेवला आहे. नायलॉनच्या कड्या दादांकडून दोन जास्तीच्या करून घेतो आहे. ज्यांची सीटची नळी ४१ ची आहे त्यांनी कॅलिपरने मोजून माप पाठवावं, वरच्या टोकाला आणि बीबीच्या जवळ, दोन्ही ठिकाणी.