टाकीतलं रबर फुगलं होतं

मे महिन्यातली दुपार. कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येणाऱ्या रस्त्यालगत माझं दुचाकींचं गॅरेज आहे. या महिन्यात घाटातून येणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकच्या तक्रारी जास्त असतात, आणि बहुतेक एकाच तऱ्हेच्या असतात: उतारावर सतत ब्रेक दाबून ऑइल तापतं, लिव्हर मऊ पडतो, पार मुठीला टेकतो. गाडी थंड झाली की ब्रेक परत येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून हे होतं. डॉट 4 या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ही हद्द 155 अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल बदलायचं, हवा काढायची, गाडी निघाली.

त्या दिवशी आलेली गाडी मात्र उलट्या दुखण्याची होती. एक पंचविशीतला मुलगा दीडशे सीसीची गाडी पुढून उचलत, ओढत आणत होता. मागे त्याची आई, हातात पिशवी, डोक्यावरचा पदर घामाने भिजलेला. पुढचं चाक फिरतच नव्हतं.

"काय व्हयनं भाऊ?" मी विचारलं.

घाटात उतरताना गाडी जड लागायला लागली, असं त्याने सांगितलं. वाटलं उन्हामुळे असेल. मग डिस्कमधून जळका वास यायला लागला, म्हणून दोघं झाडाखाली थांबले. थोड्या वेळाने चाक आपोआप मोकळं झालं, निघाले. सपाटीला आल्यावर पुन्हा तेच, आणि माझ्या गॅरेजच्या अलीकडे चाक पुरतं जाम. हेच वळणावर झालं असतं तर दोघं दरीच्या कठड्यावर असते.

लिव्हर दाबून पाहिला तर दगडासारखा कडक. म्हणजे हवेचा किंवा उकळलेल्या ऑइलचा प्रश्नच नव्हता, कारण त्यात लिव्हर मऊ पडतो. इथे दाब तयार होत होता आणि सुटत नव्हता. कॅलिपरच्या (चाकाजवळचा, पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निपलला, म्हणजे ऑइल सोडायच्या बारीक तोटीला, पारदर्शक नळी लावली, दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि पाना अगदी किंचित फिरवला. ऑइल जोरात सुटलं आणि चाक मोकळं झालं. म्हणजे कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन गंजून अडकलेला नव्हता.

आता दाब कुठे अडतोय ते शोधायचं. निपल बंद केलं, लिव्हर दाबून सोडला, चाक पुन्हा धरलं. या वेळी खाली हात न लावता वर मास्टर सिलिंडरजवळचा (लिव्हरपाशी ऑइलचा दाब तयार करणारा भाग) बँजो बोल्ट, म्हणजे पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, भोवती चिंधी गुंडाळून, थोडा सैल केला. चाक सुटलं. ही पायरी फार मोलाची आहे. चाक फक्त खालच्या निपलवर सुटलं असतं आणि वर सुटलं नसतं, तर पाइप आतून सोलून झडपेसारखा बंद झाला असं धरलं असतं. वर सुटलं म्हणजे पाइपमधून दाब परत येतोय, अडचण मास्टर सिलिंडरमध्येच. पुष्कळ ठिकाणी असल्या गाडीचा आधी कॅलिपर खोलतात आणि गिऱ्हाइकाचा अर्धा दिवस वाया जातो.

लिव्हर वाकून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला सतत रेटत नाही ना, तेही पाहिलं. लिव्हरला मोकळी चाल होती. मग मास्टर सिलिंडरवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचे दोन स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि पुढे काही शोधायची गरज उरली नाही. झाकणाखालचं रबर लाटा आल्यासारखं फुगून वाकडंतिकडं झालं होतं. काढल्यावर ते परत आपल्या खाचेत बसेना. ऑइलला तांबूस झाक होती.

वाटीत पाणी घेतलं आणि त्यात टाकीतले थेंब सोडले. डॉट 3 किंवा डॉट 4 चं ऑइल पाण्यात विरघळतं. इथे काही भाग विरघळला आणि तांबडे थेंब वर तरंगत राहिले. मुलाला वाटी दाखवली आणि विचारलं, "यात शेवटचं ऑइल कोणी टाकलं?"

काही दिवसांपूर्वी कन्नडच्या पलीकडे एका ठिकाणी सर्व्हिसिंग केलं होतं. तिथल्या कारागिराने टाकीत ऑइल कमी आहे म्हणून बाटलीतलं थोडं ओतलं होतं. तांबडं तेल होतं, एवढं मुलाला आठवत होतं. पॉवर स्टिअरिंगचं किंवा त्या जातीचं खनिज तेल असणार.

ब्रेकमधली रबरं ब्रेक ऑइलसाठीच बनवलेली असतात. त्यांना खनिज तेल, डिझेल, पेट्रोल लागलं की ती फुगतात. मास्टर सिलिंडरच्या तळाशी टाकीतून येणारी दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडला की आतलं रबर मागे सरकतं, बारीक भोक उघडं पडतं आणि तापून वाढलेलं ऑइल त्यातून टाकीत परततं. फुगलेलं रबर मागे आलं तरी ते भोक झाकूनच बसतं. मग ऑइल तापतं, वाढतं, पॅड डिस्कला आणखी दाबतं, त्याने अजून तापतं. घाटात हेच चक्र चाललं होतं.

टाकीत ऑइल का उतरलं होतं, तेही पाहिलं. पॅड जवळजवळ संपले होते. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी खाली जाते. पातळी खाली दिसली की आधी पॅड बघायचे. नुसतं ऑइल ओतलं की ती खूण पुसली जाते.

मुलाला घाई होती. पारोळ्याला संध्याकाळी मावसभावाची हळद होती. "जुनं काढून नवं ऑइल टाका, हवा काढा, जाऊ द्या," असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हणालो. एकदा तेल प्यायलेलं रबर धुऊन पूर्वीसारखं होत नाही. आज चाक सुटलं असतं, उद्या पुन्हा धरलं असतं, आणि मागे आई बसलेली. मास्टर सिलिंडरचं किट, कॅलिपरची सीलं, पाइप, झाकणाखालचं रबर, पॅड, सगळं नवं लागणार होतं. पाइप चाळीसगावात मिळाला नाही, जळगावहून मागवावा लागणार होता. मुलगा गप्प झाला. आईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे गाडी आठेच, आपन यष्टीवर जाऊत." दोघांना स्टँडवर सोडायला मी माझ्या पोऱ्याला पाठवलं.

गाडी 2019 च्या आधीची होती, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली, हे तिचं नशीब. एप्रिल 2019 पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. तेच तेल एबीएसच्या युनिटमध्ये शिरलं असतं तर खर्च कितीतरी पट गेला असता.

दुसऱ्या दिवशी पाइप आला. धातूचे भाग ब्रेक क्लीनरने धुतले, पेट्रोल जवळही आणलं नाही. बारीक भोक पातळ तारेने हलक्या हाताने साफ केलं. नवी रबरं ताज्या डॉट 4 मध्ये बुडवून बसवली, बँजोला तांब्याचे नवे वॉशर घातले.

सगळं कोरडं असलं की लिव्हर पंप करत बसून हवा लवकर निघत नाही. म्हणून मी सिरिंजने खालून, निपलमधून, ऑइल सावकाश वर ढकलतो. हवेला वरच जायचं असतं, तिला तोच रस्ता द्यायचा. हॅन्डल वळवून मास्टर सिलिंडर सगळ्यात उंच ठेवला आणि पाइपला खालपासून वर टिचक्या मारत गेलो. मग टाकी उघडी ठेवून लिव्हर बोटाने अगदी थोडा हलवला. त्या बारीक भोकातून ऑइलची छोटी उसळी वर आली. भोक उघडं आहे याची याहून पक्की खूण नाही. शेवटी नेहमीची पद्धत: दाबा, धरा, निपल सैल, निपल बंद, मगच लिव्हर सोडा. लिव्हर रात्रभर दोरीने बांधून ठेवला, सकाळी पुन्हा एकदा हवा काढली. पेट्रोलच्या टाकीवर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, नाहीतर रंग उचलतो.

मग चाक फिरवून लिव्हर दाबला, सोडला. चाक फिरतच राहिलं. घाटाच्या पहिल्या काही वळणांपर्यंत जाऊन आलो, डिस्कजवळ हात नेऊन दोन्ही बाजूंची ऊब सारखी आहे का ते पाहिलं.

मुलाकडून त्या कारागिराचा नंबर घेतला. तो आधी चिडला. मी वाटीतल्या पाण्याचा आणि फुगलेल्या रबराचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. ती बाटली कुठल्या तेलाची हे त्यालाही सांगता येत नव्हतं, वरचा कागद निघून गेला होता. त्याच बाटलीतलं तेल आणखी कोणाच्या गाडीत गेलंय, मी विचारलं. दोन नावं त्याला आठवली. एक गावातलाच होता, दुसरा दुधाचे कॅन घेऊन रोज घाट उतरणारा. मी म्हटलं, दूधवाल्याला आत्ता, याच क्षणी थांबवा. त्याने फोन तसाच चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून त्याला गाठलं. दूधवाला अजून घरीच होता. त्याच्या टाकीचं झाकण उघडल्यावर कारागिराने मला व्हिडिओ पाठवला: रबराची कड उचलायला लागली होती.