गाठीपासून चार सेंटीमीटर

प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना आज २०२० ची टाचणवही हाती लागली. मार्चपर्यंतची पानं नीट भरलेली. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली, शाळा बंद झाली आणि माझं अक्षरच बदललं. पुढची पानं घाईत खरडलेली, बाणांनी भरलेली. ‘आवाज येतोय का?’ हे वाक्य तर मी टाचणातही लिहून ठेवलं होतं!

युनेस्कोच्या आकडेवारीप्रमाणे तेव्हा जगभरात दीडशे कोटींहून जास्त मुलं घरी बसली होती. त्यातली छत्तीस माझी. त्यातल्या नऊ जणांकडे फोन नव्हता. त्यांची नावं वहीत वेगळी लिहिली आहेत, आणि ती वाचताना आजही पोटात तुटतं.

पण आज जास्त वेळ थांबले ते लंबकाच्या पानावर. प्रयोगशाळा नाही, म्हणून मुलांना सांगितलं होतं की एक मीटर दोरा घ्या, घरात असेल ती जड वस्तू बांधा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, ते काढा. निम्म्या मुलांचं उत्तर बरोबर ९.८ आलं. पुस्तकातून उतरवलेलं, उघड होतं. एका मुलाने मात्र ४१ सेकंद लिहिले. उत्तर ९.४ च्या आसपास. सोबत निरोप होता, “बाई, तीनदा केलं, तेवढंच येतंय. मी चुकलो का?”

त्याने दोऱ्याला कुलूप बांधलं होतं आणि लांबी गाठीपर्यंत मोजली होती. कुलपाचा मध्य गाठीच्या चार सेंटीमीटर खाली होता. ती लांबी धरल्यावर उत्तर जुळलं. फोनवर तो ओरडलाच. वर्गात मी सगळ्यांना तयार गोळे देत आले, लांबी कुठपर्यंत मोजायची तेही आधीच सांगत आले. हा आनंद इतकी वर्षं मीच मुलांपासून हिरावून घेतला होता.

त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मास्कबद्दलचा सल्ला बदलला. आधी निरोगी माणसांनी वापरायची गरज नाही, मग गर्दीत सगळ्यांनीच कापडी मास्क वापरावा. एका मुलीने विचारलं, “बाई, शास्त्रज्ञ आधी खोटं बोलत होते का?” मी तिला कुलपाची गोष्ट सांगितली. मोजमाप सुधारलं की उत्तर सुधारतं, ते खोटं नसतं. तिला पटलं की नाही, पडद्यावर कळेना. चेहरा दिसत नसताना शिकवणं ही त्या काळातली सगळ्यात मोठी शिक्षा होती.

शाळा उघडल्यावरचं पान दुःखाचं आहे. दहावीला आलेली मुलं परीक्षानळी मुठीत धरत होती. काडी पेटवून बर्नरजवळ नेताना एकीचा हात थरथरत होता. पडद्यावर तिने तोच प्रयोग कितीदा तरी पाहिला होता. व्याख्या मी दोन आठवड्यांत भरून काढल्या, हातांना पूर्ण वर्ष लागलं. त्या नऊ जणांपैकी दोघं तर परत आलीच नाहीत.

उद्या आठवीला लंबक घ्यायचा आहे. गोळ्यांची पेटी कपाटातच ठेवली. पिशवीत दोरा, मोजपट्टी आणि घरातली तीन लहानमोठी कुलपं टाकली आहेत.