तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या एमजीबीत व्ही-८ का नाही आणि वेबर का नाही?

माझी १९६९ सालची एमजीबी रोडस्टर (ब्रिटनच्या एमजीची उघड्या छताची दोन आसनी गाडी) कुठेही उभी केली आणि बॉनेट उघडले, की दोन प्रश्न हमखास येतात. मूळ इंजिन निकामी झालेच होते, तर त्याच्या जागी रोव्हर कंपनीचे आठ सिलिंडरांचे व्ही-८ का बसवले नाही? आणि चार सिलिंडरांचेच इंजिन ठेवायचे होते, तर निदान मूळचे एसयू कार्बोरेटर (हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारे भाग) काढून वेबर कंपनीचा का लावला नाही? इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत हे विचारले जाते, आणि सुटीत कोल्हापूरला गेलो की उद्यमनगरातले माझे मित्रही फोटो पाहून हेच विचारतात. उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहते, म्हणून ते एकदा नीट लिहितो.

मोटारवेवर तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा भाग) तुटला आणि ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. बोअरिंग करून किंवा लायनर घालून वाचवावा असा तो ब्लॉक राहिला नव्हता, त्यामुळे दुसरे इंजिन शोधणे भागच होते.

व्ही-८चा विचार मी मनापासून केला होता. ३५२८ सीसीचे ते इंजिन ॲल्युमिनियमचे असल्यामुळे त्याचे वजन एमजीबीच्या ओतीव लोखंडी बी-सिरीज इंजिनाच्या जवळपासच भरते, म्हणजे गाडीचे नाक जड होईल ही भीती खरी नाही. इंग्लंडमध्ये खासगीरीत्या गाड्यांत बदल करून देणारे केन कॉस्टेलो यांनी ही जोडणी एमजीच्या कारखान्याच्याही आधी करून दाखवली होती, आणि नंतर १९७३ ते १९७६ या काळात कारखान्याने स्वतः १३७ अश्वशक्तीच्या २५९१ गाड्या बनवल्या. पण त्या सगळ्या बंद छताच्या जीटी होत्या. माझ्या गाडीच्या इंजिनकक्षात व्ही-८चे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसवायचे, तर आतल्या पत्र्याला हात लावावा लागतो, आणि काम तिथे थांबत नाही. रेडिएटर मोठा लागतो, गिअरबॉक्स बदलावा लागतो, मागचा ॲक्सल आणि ब्रेक त्या ताकदीला पुरे पडतील का हे तपासावे लागते. इंजिन बदलायला निघालेला माणूस अशा रीतीने हळूहळू सगळी गाडीच बदलतो. मला ही गाडी तिच्या मूळ चालीसाठी हवी होती, आणि त्या चालीत १७९८ सीसीच्या त्या लांब स्ट्रोकच्या इंजिनाचा वाटा फार मोठा आहे.

मात्र ‘बी-सिरीजच घ्यायचे’ असे ठरल्याने निवड संपत नाही, कारण १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत या इंजिनात बरेच बदल झाले. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकला तीनच मुख्य बेअरिंग होती. १९६४च्या अखेरीस ती पाच झाली. रोज चालवायच्या गाडीसाठी मी पाच बेअरिंगचेच इंजिन सुचवीन. १९६७ साली चारही गिअरांना सिंक्रोमेश (गिअर सहज बदलू देणारी रचना) असलेला गिअरबॉक्स आला आणि त्याबरोबर इंजिनाची मागची प्लेट, फ्लायव्हील व स्टार्टरही बदलले, त्यामुळे त्याआधीचे इंजिन माझ्या गिअरबॉक्सला सरळ जोडता आले नसते. मला मिळाले ते १८व्ही क्रमांकमालिकेतले, नंतरच्या, रबरी बंपरच्या एमजीबीतून काढलेले इंजिन. त्या गाड्यांत इंजिनाचे माउंटिंग वेगळे असते, पण माझ्या फुटलेल्या इंजिनाची पुढची प्लेट शाबूत होती आणि ती काढून नव्यावर लावली. एक गोष्ट आवर्जून पाहावी: अमेरिकेत पाठवलेल्या गाड्यांतली काही इंजिने कमी कॉम्प्रेशनची असतात आणि बाहेरून ती ओळखू येत नाहीत, म्हणून क्रमांकाची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इंजिन पूर्ण उघडून ब्लॉक तीस थाऊ (इंचाचे हजारांश) बोअर केला, क्रँक दहा थाऊ ग्राइंड केला. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण पोलादाच्या सीट बसवल्या, कारण ब्रिटनमधून शिशाचे पेट्रोल १९९९च्या अखेरीस गेले आणि मऊ लोखंडी सीटला त्या शिशाचाच आधार होता. हेडचे पोर्ट मात्र मूळचेच ठेवले, आणि कार्बोरेटरचा सगळा निर्णय या पोर्टांवरच ठरला.

बी-सिरीजच्या हेडला चार सिलिंडरांसाठी इनटेक पोर्ट दोनच असतात. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका पोर्टातून श्वास घेतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्यातून. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे एका पोर्टावरचे दोन्ही सिलिंडर लागोपाठ ओढतात: एकाचा इनटेक व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसताना शेजाऱ्याचा उघडतो, आणि मग बराच वेळ त्या पोर्टात कोणीच ओढत नाही. वेबर ४५ डीसीओई हा उत्तम कार्बोरेटर आहे. त्यात चोक (हवा जाण्याची अरुंद वाट), मेन जेट, इमल्शन ट्यूब, एअर करेक्टर असे सगळे सुटे बदलता येते. पण त्याची खरी ताकद दिसते ती प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी मिळते तेव्हा. इथे एकच वेबर वाकड्या मॅनिफोल्डवरून दोन पोर्टांना द्यावा लागतो, आणि त्याच्या चोकचे माप ठरलेले असल्यामुळे ते वरच्या फेऱ्यांसाठी मोठे निवडले, तर खाली इंजिन अडखळते. तीव्र कॅमशाफ्ट आणि घासून मोठे केलेले पोर्ट असलेल्या, पाच हजार फेऱ्यांच्या वर राहणाऱ्या शर्यतीच्या गाडीत मीही तोच लावीन. माझी गाडी दोन ते साडेचार हजार फेऱ्यांत चालते.

एसयूमध्ये पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे आपोआप वरखाली होतो, म्हणजे चोक स्वतःच लहानमोठा होतो, आणि त्या पिस्टनला जोडलेली निमुळती नीडल जेटमधून वर सरकत पेट्रोलचे प्रमाण ठरवते. ॲक्सिलरेटर पंप नसतो. वरच्या नळीतले तेल पिस्टनला एकदम उसळू देत नाही आणि तेवढा क्षण मिश्रण आपोआप दाट होते. इतक्या कमी भागांत इतके काम करणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. दोन पोर्ट, दोन एसयू, असा तो मेळ आहे. मी एसयूच्याच नंतरच्या एचआयएफ४ प्रकाराऐवजी एचएस४ची जोडी घेतली, कारण तिचा फ्लोट चेंबर बाजूला असल्याने तो जागेवरच उघडता येतो.

एसयू सेट होत नाहीत, अशी तक्रार मी फार ऐकली आहे. बहुतेक वेळा दोष झिजलेल्या थ्रॉटल स्पिंडलचा असतो: तिथून हवा आत शिरते आणि मग नीडल कितीही बदलली तरी आयडलिंग स्थिर राहत नाही. मी आधी नव्या स्पिंडल आणि बुश घातल्या, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या लावल्या, आणि मग रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरांचा फुसफुस आवाज सारखा केला. मिश्रण तपासायला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा: फेरे वाढून तसेच राहिले तर मिश्रण दाट, इंजिन बंद पडू लागले तर पातळ, आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाले तर योग्य. त्यानंतरच रोलिंग रोडवर (गाडी रोलरवर चालवून तपासण्याचे यंत्र) नीडल ठरवली आणि डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडावी ते, तिच्याशी जुळवला.

पहिल्या ५०० मैलांनंतर तेल बदलले, हेडचे नट पुन्हा ताणले आणि थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट) १५ थाऊला लावले. कार्बोरेटरांना तेव्हा हात लावावा लागला नाही; फक्त वरच्या नळ्यांत थोडे तेल भरले.