माझा अनुभव : हयातीचा दाखला आणि स्क्रीनखालची तीन चिन्हं

मोबाईल शिकवायला बसलेला प्रत्येक जण आधी आपल्या हातातला मोबाईल काढून घेतो. मुलगा, भाचा, केंद्रावरचा पोरगा, सगळे तेच करतात. फटाफट चार ठिकाणी बोट लावतात, "झालं बघा" म्हणतात आणि परत देतात. काम होतं, पण आपण होतो तिथंच राहतो. मला याचा अजून राग आहे, म्हणून बसून लिहितोय.

मी एसटीत वाहक होतो, ३१ वर्षं. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफ ऑफिसकडून मिळणारी पेन्शन आहे. रक्कम थोडी, पण दोघांची औषधं त्यातच भागतात. ती चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. जीवन प्रमाणची ऑनलाईन सोय २०१४ पासून आहे, बोटाचा ठसा दिला की दाखला तयार होतो. दरवर्षी मी केंद्रावर जाऊन तसाच करून घ्यायचो. गेल्या वर्षी ठसा उमटलाच नाही. बोट पुसलं, ओलं केलं, दहाही बोटं लावून झाली. निवृत्तीनंतर शेतात राबतो, रेषा झिजल्यात. केंद्रावरचा पोरगा म्हणाला, "काका, आता चेहऱ्यावर करायचं. घरीच होतंय मोबाईलवर, मुलाला सांगा." एवढं बोलून त्यानं मागच्याला हाक मारली.

मुलगा चाकणला. तो यायला दिवाळी उजाडणार आणि दाखल्याची मुदत चालू महिन्यातच संपत होती. मुदत गेली की पेन्शन थांबते. नंतर दाखला दिला की थकलेली मिळते, पण मधल्या महिन्यांत मेडिकलवाल्याला काय सांगायचं? म्हणून स्वतः शिकायचं ठरवलं. तोवर मला फोन उचलणं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो बघणं एवढंच येत होतं.

दोन अ‍ॅप लागतात, जीवन प्रमाणचं आणि चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी. दोन्ही प्ले स्टोअरवरून घेतली. त्यात एक गोष्ट कुणीच सांगत नाही. आधार फेस आरडीचं चित्र बाकीच्या अ‍ॅपसारखं मोबाईलवर दिसत नाही. ते आतल्या आत काम करतं. मी एक अख्खी संध्याकाळ ते शोधत होतो. तुम्ही शोधू नका. प्ले स्टोअरमध्ये पुन्हा जाऊन बघा, तिथं घेतलेलं दिसलं की झालं.

पुढं ई-मेल मागितला. माझ्या मोबाईलमध्ये मुलानं स्वतःचाच ई-मेल घालून दिला होता, म्हणून माझा नवीन काढला. पासवर्ड टाकताना अक्षरांच्या जागी ठिपके येतात, आपण काय लिहिलं ते कळत नाही. शेजारी डोळ्याचं चित्र असतं, त्यावर बोट ठेवलं की अक्षरं दिसतात. मोठ्या लिपीचं अक्षर हवं असेल तर कीबोर्डच्या डाव्या कडेचा वर तोंड केलेला बाण. हा पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवलीय. लिहिलं नसतं तर दुसऱ्या दिवशी आठवला नसता.

इथवर दोन दिवस गेले आणि मी खूष होतो. खरं अडलं ते यानंतर.

जीवन प्रमाणच्या अ‍ॅपमध्ये आधार नंबर, मोबाईल नंबर, ई-मेल भरला. दोन ओटीपी येतात, एक मेसेजमध्ये, एक ई-मेलवर. मेसेजचा ओटीपी वरून पट्टीसारखा खाली येतो आणि वाचेपर्यंत निघून जातो. तो बघायला म्हणून मी मागे जायचं बटण दाबलं. मेसेज सापडला, आकडे हातावर लिहून घेतले. अ‍ॅप पुन्हा उघडलं तर सगळं कोरं. आधार नंबरपासून पुन्हा भरायचं. पुन्हा भरलं की नवीन ओटीपी येतो आणि हातावरचा जुना चालत नाही. हे मला तिसऱ्या वेळी कळलं. ई-मेलचा ओटीपी बघायला गेलं की पुन्हा तेच. त्या रात्री साडेअकरापर्यंत मी जागा होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत बसलो, परत कोरं.

भाचा आला होता, त्याला दाखवलं. त्यानं मोबाईल घेतला, बोटं चालवली, तेवढ्यात त्याचाच फोन वाजला आणि तो गेला. त्यानं काय केलं ते मला दिसलंही नाही. एसटीत तिकिटाचं मशीन आलं तेव्हा आगारात प्रत्येकाच्या हातात एकेक मशीन देऊन शिकवलं होतं. चुकलं तर चुकलं, पुन्हा तिकीट काढा म्हणायचे. चाळीस-पंचेचाळिशीतली माणसं आम्ही, चार दिवसांत सरावलो. मग इथंच मला का येत नाही, हा विचार डोक्यातून जाईना. बायकोशीही नीट बोललो नाही त्या दोन दिवसांत.

चौथ्या दिवशी माझ्या जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. आमच्या हिच्या बटणाच्या फोनवरून, कारण माझा मोबाईल समोर उघडा हवा होता. तो आता जतला असतो, त्यानं स्वतःचा दाखला असाच काढला होता. शंभर किलोमीटरवरून माझ्या हातातला मोबाईल त्याला घेता येणार नव्हता. म्हणून त्याला तोंडानं सांगावं लागलं. तो म्हणाला, "मास्तर, काही दाबू नका. खाली काय काय दिसतंय ते आधी सांगा."

मी बघितलं. एक त्रिकोण, एक गोल, एक चौकोन. वर्षभर ती चिन्हं माझ्या अंगठ्याखाली होती आणि त्यांचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. त्रिकोण म्हणजे मागे. भरत असलेला फॉर्म सोडून बाहेर पडतो तो यानंच. गोल म्हणजे पहिल्या पानावर. आणि चौकोन दाबला की उघडी असलेली सगळी अ‍ॅप पत्त्यांसारखी शेजारी-शेजारी दिसतात. हवं त्यावर बोट ठेवायचं, बाकीची जिथल्या तिथं थांबून राहतात.

गोल दाबून मेसेज बघितला. चौकोन दाबून परत आलो. भरलेलं सगळं जागेवर होतं. मी त्याला काही बोललोच नाही थोडा वेळ. तोच म्हणाला, "आलं का?" आलं होतं.

काही मोबाईलमध्ये ही तिन्ही चिन्हं दिसत नाहीत, बोट सरकवून काम चालतं. सेटिंगमध्ये जाऊन ती चिन्हं आणता येतात. नवीन माणसानं ती आणूनच घ्यावीत.

चेहऱ्याचं काम त्यानंतर पाच मिनिटांत झालं. उजेड तोंडावर हवा, म्हणून दाराकडे तोंड करून बसलो, चष्मा काढला, सांगितल्यावर पापण्या मिटल्या-उघडल्या. चेहरा दोनदा घेतात, आधी ऑपरेटर म्हणजे दाखला काढून देणारा म्हणून, मग पेन्शनर म्हणून. एकटे करत असाल तर दोन्ही वेळा आपलाच. मध्ये पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा) आणि बँकेचा खाते नंबर लागतो, ते कागद आधी जवळ घेऊन बसा, उठून शोधायला लागू नका.

ओटीपीबद्दल एक राहिलं. अ‍ॅपमध्ये आपण स्वतः भरतो तो वेगळा आणि फोनवर कुणी मागतो तो वेगळा. "पेन्शन ऑफिसातून बोलतोय, दाखला करून देतो, ओटीपी सांगा" असे फोन येतात. सांगायचा नाही, फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला फोन करायचा. आणि सरकारी साईट बघताना पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते वाचायचं. मदतीचा नंबर गूगलवर शोधून लावू नका, तिथं भामट्यांचेही नंबर असतात.

ज्यांना हे अजिबात जमणार नाही त्यांनी पोस्टमनला विचारावं. पोस्टाच्या बँकेकडून घरी येऊन दाखला करून देतात.

प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा मेसेज आला तेव्हा हिला दाखवला. तिनं चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "आता मला शिकवा." तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास बसतो. मोबाईल तिच्या हातात असतो आणि मी माझे हात मांडीवर ठेवतो. परवा ती त्रिकोणानं तीन वेळा बाहेर पडली, मी बोललो नाही. चौथ्या वेळी तिचं तिनंच चौकोन दाबला.

आणि हो, सरकारी पेन्शनर नोव्हेंबरात दाखला देतात, तशी आमच्या ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरची सक्ती नाही. ज्या दिवशी दाखला द्याल तिथून वर्षभर तो चालतो. नोव्हेंबरच्या गर्दीत जाऊन उभे राहू नका.