जागा आहे, पण मंजुरी आहे का?

मंदीच्या बातम्या सुरू झाल्या की नोकरी शोधणारे पहिल्यांदा अर्जांची संख्या वाढवतात. दिवसाला दोन जात होते तिथे वीस. यातून हाती फारसं लागत नाही. अशा काळात जाहिराती कमी होतात हे खरंच, पण खरी अडचण जाहिरातीच्या पलीकडे असते. जागा दिसते, दोन-तीन मुलाखती चांगल्या होतात, एचआर ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ म्हणतं आणि मग सगळं थंड. उमेदवाराला वाटतं आपण कमी पडलो. पुष्कळदा त्या जागेसाठी पैसेच मंजूर झालेले नसतात.

बरे दिवस असतात तेव्हा विभागाला वर्षाच्या बजेटमध्येच जागा मिळून जातात. अनिश्चित काळात तीच जागा पुन्हा वरच्या मंजुरीला जाते, तिमाहीचे आकडे येईपर्यंत अडकते किंवा सरसकट भरती गोठवली जाते. जाहिरात मात्र पोर्टलवर तशीच राहते. ती उतरवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते, आणि काही कंपन्या पुढे लागतील म्हणून बायोडेटा गोळा करायला ती मुद्दाम ठेवतात. म्हणून पोर्टलवर दिसलेली जागा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे का, हे आधी बघावं. तिथे नसेल तर अर्जावर तासभर घालवू नये.

रिक्रूटरच्या पहिल्याच फोनवर तीन प्रश्न विचारून घ्यावेत. जागा नवी आहे की कोणी गेल्यामुळे रिकामी झाली? मंजुरी मिळाली आहे की मिळायची आहे? आणि माणूस कोणत्या तारखेपर्यंत रुजू व्हायला हवा? रिकामी झालेली जागा नक्की भरली जाईल असं समजू नका. कपातीचा गवगवा न करता माणसं कमी करायची सर्वांत सोपी वाट म्हणजे गेलेल्याची जागा न भरणं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत बोलकं असतं. मंजुरी हातात असलेला माणूस तारीख सांगतो, किंवा कोणतं काम कधी सुरू होतंय ते सांगतो. ‘चांगला उमेदवार मिळाला की बघू’ हे उत्तर आलं, तर मुलाखत द्यावी, पण दुसरीकडचे अर्ज थांबवू नयेत.

हे सगळं करायला वेळ किती आहे, तो हिशेब आधी झाला पाहिजे. सक्तीचा मासिक खर्च काढा: घरभाडं किंवा हप्ता, किराणा, औषधं, मुलांची फी, विमा. वर्षातून एकदा भरायच्या रकमा लोक हमखास विसरतात; त्या बाराने भागून महिन्याच्या खर्चात धरा. हातातली रोख शिल्लक या आकड्याने भागली की महिने मिळतात. समजा आठ महिने आले. निवड प्रक्रियेला दोन-तीन महिने जातात आणि पहिला पगार रुजू झाल्यावर साधारण महिन्याने येतो, म्हणजे चार महिने शेवटून वजा. उरलेल्या चार महिन्यांत मनासारखी नोकरी शोधायची. त्यानंतर कंत्राटी काम, कमी पगार, वेगळं क्षेत्र हे पर्याय उघडायचे. ती तारीख आजच कॅलेंडरवर टाकावी. शिल्लक संपत आल्यावर घेतलेला निर्णय बहुतेक वेळा पहिल्या मिळेल त्या ऑफरला हो म्हणण्याचा असतो.

‘अर्थव्यवस्था सावरली की बघू’ या आशेवर थांबण्यातही धोका आहे, कारण रोजगार सर्वांत शेवटी सावरतो. अमेरिकेतली २००७ साली सुरू झालेली मंदी अधिकृतरीत्या जून २००९ मध्ये संपली. बेरोजगारीचा दर मात्र त्यानंतर, ऑक्टोबर २००९ मध्ये, १० टक्क्यांवर पोचला. त्याआधीची मंदी नोव्हेंबर २००१ मध्ये संपली आणि बेरोजगारीचं टोक आलं जून २००३ मध्ये. काम वाढू लागलं की कंपन्या आधी असलेल्या माणसांकडून जास्त तास करून घेतात, मग कंत्राटी माणसं घेतात आणि मागणी टिकेल याची खात्री पटली की कायम भरती करतात. या क्रमामुळे कंत्राटी जागा आधी खुल्या होतात. फक्त मुदत किती, ती वाढवण्याचा निर्णय कोण घेणार आणि मध्येच काम बंद झालं तर किती दिवसांची सूचना मिळेल, हे लेखी घ्या.

मंजूर जागांची खबर मिळते ती ओळखीतून, आणि तीही जवळच्या ओळखीतून कमी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच हा मुद्दा मांडला होता: जवळच्या मित्रांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं, नवी बातमी येते ती दूरच्या परिचितांकडून. म्हणजे जुन्या नोकरीतले दुसऱ्या विभागातले लोक, पूर्वीचे ग्राहक, पुरवठादार, एखाद्या प्रशिक्षणात भेटलेले. त्यांना ‘काही असेल तर सांगा’ असं लिहिलं की उत्तर येत नाही, कारण काय करायचं हेच त्यांना कळत नाही. उत्तर देता येईल असं विचारा: ‘तुमच्या कंपनीत खरेदी विभागात एक जागा दिसते आहे. तिथली भरती सध्या खरोखर चालू आहे का, आणि ती कोण बघतं, एवढंच सांगू शकाल का?’ यात शिफारस मागितलेली नाही, त्यामुळे समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही. शिफारस द्यावीशी वाटली तर तो आपणहून देतो.

बायोडेटाबद्दल थोडक्यात. दोन रकाने, तक्ते आणि चित्रं टाळा. फोन नंबर पानाच्या शीर्षपट्टीत नको, कंपन्या बायोडेटा वाचायला वापरतात त्यातली काही सॉफ्टवेअर ती वाचतच नाहीत. चाचणी सोपी आहे: फाइलमधला सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रम विस्कटला तर समोरच्या सॉफ्टवेअरलाही तो विस्कटलेलाच मिळण्याची शक्यता मोठी. बाकी ‘मशीनच बायोडेटा फेकून देतं’ ही भीती जरा फुगवलेली आहे; आपोआप बाद होतात ते मुख्यतः फॉर्ममधल्या प्रश्नांवर, म्हणजे अनुभवाची वर्षं, कामाचा परवाना, अपेक्षित पगार. मजकुरात मात्र या काळात भर बदलावा. नवं काय उभारलं यापेक्षा खर्च कुठे वाचवला, अडकलेली वसुली कशी केली, कोणता ग्राहक टिकवला, हे वर आलं पाहिजे. जागा मंजूर करणारा वित्त विभाग हीच भाषा वाचतो.

नोकरीतल्या खंडाची लाज मंदीत कमी बाळगावी. अमेरिकेत काल्पनिक बायोडेटा पाठवून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकारीच्या पहिल्या आठ महिन्यांत मुलाखतीची बोलावणी घटत जातात, पण जिथे बेरोजगारी जास्त तिथे ही घट कमी, असं त्यात दिसलं. सगळीकडेच कपात चालू असली की रिकामे महिने माणसाच्या कुवतीबद्दल फारसं सांगत नाहीत. खंडाचं कारण एका वाक्यात सांगावं आणि कामाकडे वळावं.

ऑफर आली की खरी सावधगिरी सुरू होते. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर वार्षिक अहवालात नफ्याच्या शेजारी कामकाजातून आलेली रोख बघा. नफा वाढतोय आणि रोख सलग आटतेय, तर वसुली अडकली असण्याची शक्यता असते. लेखापरीक्षकाने कंपनी चालू राहण्याबद्दलच शंका नोंदवली असेल तर दोनदा विचार करा. तोंडी होकारावर राजीनामा देऊ नका. ऑफर लेटरमध्ये ‘पडताळणीच्या अधीन’ असं असेल तर पडताळणी पूर्ण झाल्याचा मेल येऊ द्या, आणि रुजू होण्याची तारीख ठरवताना नोटीस पिरियड तिथून मोजायला नव्या कंपनीला सांगा. पत्र आणि रुजू होण्याची तारीख यांत जितकं अंतर, तितका ऑफर मागे घेतली जाण्याचा धोका जास्त, म्हणून बाकीच्या मुलाखती पहिला पगार येईपर्यंत चालू ठेवल्या तरी त्यात गैर काही नाही.

पगारावर घासाघीस करताना एक गोष्ट विसरली जाते. नोकरीवरून काढताना द्यायची भरपाई सेवेच्या वर्षांवर ठरते तिथे नव्या माणसाला काढणं सर्वांत स्वस्त पडतं. तेव्हा थोडा पगार सोडून प्रोबेशनमधला नोटीस पिरियड वाढवून मागणं, कपात झाल्यास किमान दोन-तीन महिन्यांचा पगार लेखी मागणं फायद्याचं ठरू शकतं. जॉइनिंग बोनसची अटही शब्दन् शब्द वाचा. ‘वर्षाच्या आत कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास परत’ असं लिहिलेलं असेल, तर कंपनीने काढलं तरी पैसे तुम्हीच परत करायचे. तिथे ‘स्वतः राजीनामा दिल्यास’ एवढा बदल मागा, आणि परतफेड कर कापून हातात आलेल्या रकमेची की मूळ रकमेची, हेही त्याच ओळीत लिहून घ्या.