मिल्टन चक्रीवादळ आलं तेव्हा घर सोडून का नाही गेलात? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्याला गेलं की कोणी ना कोणी हे विचारतंच. टीव्हीवर सगळे गाड्या घेऊन पळताना दिसत होते, मग तुम्ही काय म्हणून घरात बसून राहिलात? सूर असा की डोकं ठिकाणावर आहे ना. तर एकदाचं लिहूनच टाकते.

आम्ही अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पाला राहतो, पण समुद्राकाठी नाही, शहराच्या उत्तरेला बरंच आत. इथे एव्हॅक्युएशनचे, म्हणजे कोणी घर सोडून निघायचं ते ठरवणारे झोन असतात, ए पासून ई पर्यंत, आणि ते वाऱ्यावरून नाही तर पाण्यावरून ठरतात, म्हणजे समुद्र कुठपर्यंत आत घुसू शकेल त्यावरून. ए आणि बी वाल्यांना आणि मोबाइल होममधल्या, म्हणजे हलवता येणाऱ्या हलक्या घरांतल्या सगळ्यांना निघायचा हुकूम होता, तिथे थांबलात तर मराल असं मेयरबाईंनी सरळ टीव्हीवर सांगितलं होतं. आमच्या पत्त्याला अक्षरच नाही. पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं, असं इथले जुने लोक सांगतात. आम्ही निघालो असतो तर आय-७५ हायवेच्या तुंबलेल्या रांगेत अजून एक गाडी, आणि पेट्रोल तर बऱ्याच पंपांवर संपलेलंच.

हे झालं शहाणपणाचं उत्तर. दुसरं कारण म्हणजे घट. २०२४ ची नवरात्र ३ ऑक्टोबरला सुरू झाली, सासूबाई, म्हणजे आमच्या आई, इथेच होत्या आणि त्यांनी रीतसर घट बसवलेले. घट बसले की घराला कुलूप लावायचं नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही. विषय संपला.

वादळाच्या रात्रीपेक्षा आधीचे दोन दिवस वाईट गेले. सोमवारी, ७ तारखेला, मिल्टन कॅटेगरी पाचचं, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचं झालं, वारा ताशी २९० किमी, आणि नकाशावर त्याचा रस्ता बरोबर आमच्या खाडीवरून. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी हेलीन वादळाने किनाऱ्यावरची घरं भिजवली होती, त्या गाद्या-सोफ्यांचे ढीग अजून रस्त्याकडेला पडून, तेच आता उडून कोणाच्या तरी खिडकीत येणार म्हणून सगळे धास्तावलेले. हरिकेन सेंटरचं बुलेटिन पाच आणि अकराला येतं, सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा, की नवरा फोन घेऊन बसलेला. "अकराचं आलं का?" हेच घरातलं बोलणं. वादळ कुठून जाईल ते दाखवणाऱ्या मॉडेलच्या त्या रंगीत रेघांना आई शेवया म्हणायच्या, शेवया कुठे सरकल्या रे. आणि सगळा खेळ त्या सरकण्याचाच, कारण वादळ घड्याळाच्या उलट्या काट्याने फिरतं, त्याचा मधला डोळा आमच्या उत्तरेने गेला तर वारा समुद्राचं पाणी खाडीत ढकलणार, दक्षिणेने गेला तर खाडीतलं पाणी बाहेर ओढणार.

खिडक्यांना प्लायवूड ठोकलं, टब भरला, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवला. बुधवारी दुपारी करण्यासारखं काहीच उरलं नाही, ते सगळ्यात वाईट. शेगडी विजेची, म्हणून आईंनी वीज असेपर्यंत बटाट्याची भाजी आणि खिचडी करून ठेवली, स्वतःचा उपास आणि आम्ही पाचजण अख्खा दिवस उपासाचं खातोय.

रात्री साडेआठला वादळ सारासोटाजवळ सिएस्टा कीला किनाऱ्याला लागलं, म्हणजे आमच्या दक्षिणेला, कॅटेगरी तीन होऊन. नऊनंतर वीज गेली. आम्ही खिडकी नसलेल्या क्लोजेटमध्ये, कपड्यांच्या खोलीत, गाद्या टाकल्या. मेणबत्त्या लावू नका, टॉर्च वापरा असं सगळीकडे सांगत होते, आणि नवऱ्याने तेच आईंना सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, वरणाचं सगळ्यात खोल पातेलं आणलं आणि समई त्यात ठेवली. मग दर तासाला टॉर्च घेऊन तेल घालायला उठायच्या, मी मागे, आणि वर ॲटिकचं, म्हणजे माळ्याचं झाकण धाड धाड उचलून आपटतंय, वारा दाराच्या फटीतून शीळ घालतोय. तीन वाजता मी म्हटलं, आई पुरे. त्या म्हणाल्या, तू झोप गं, मला सवय आहे जागरणाची.

सकाळी कुंपण शेजाऱ्यांच्या अंगणात. खाडीचं पाणी खरंच ओढलं गेलं होतं, पण पलीकडे सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांवर पाऊस आणि ट्रॉपिकाना स्टेडियमच्या छताच्या चिंध्या. आमच्याकडे वीज चौथ्या दिवशी आली, दसरा अंधारातच झाला. खिडक्या बंद म्हणून घटातलं धान मात्र पिवळंधमक, वीतभर वाढलेलं.

वादळांचा सीझन जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. आईंचं तिकीट आता आम्ही जानेवारीचं काढतो.